डावीकडून तिसरा कोण?

आलेलं पत्र :

"मावशी, नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका पुनर्वसित गावातून लिहितेय. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या बुडितात गेलं. नव्या गावठाणातल्या वाचनालयात आम्ही सातआठ जण मिळून जुन्या गावाचे फोटो गोळा करतोय. घरोघरचे मूळ फोटो स्कॅन करून परत द्यायचे आणि सगळ्यांचा मिळून एक संग्रह ठेवायचा, असं ठरलंय. ३४० फोटो जमले. यंदा मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेच्या दिवशी प्रदर्शन मांडायचं आहे. पण फोटोखाली काय लिहायचं यावरून गावात तीन वाद पेटलेत. दंडारीच्या (आमच्याकडच्या लोकनाट्याच्या) एका फोटोत साडी नेसलेला 'डावीकडून तिसरा' आमचाच आजा, असं दोन घरं सांगतात. ज्या पोरानं मोबाईलवर फोटोंचे फोटो घेतले त्यानं प्रत्येकाच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकलं, आणि स्टुडिओवाल्या काकांचा मुलगा म्हणतो की हे तर माझ्या बाबांनी काढलेले. तिसरं, आमचे निवृत्त गुरुजी म्हणतात ओळी भारदस्त हव्यात, 'गतवैभवाच्या पाऊलखुणा' अशा. नमुन्याच्या काही ओळी आणि दंडारीचे दोन्ही घरचे स्कॅन सोबत पाठवतेय. काय करावं?"

उत्तर :

बाळ, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. गाव पाण्याखाली गेल्यावर त्याच्या गल्ल्या, पार, विहिरी फक्त या ३४० कागदांवर उरल्यात, म्हणून तुमचं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

गुरुजींपासून सुरू करते, कारण तो प्रश्न लवकर मिटेल. त्यांना माझा नमस्कार सांग आणि प्रदर्शनाच्या दारावरची पाटी त्यांच्या हातची असू दे. फोटोखाली मात्र 'गतवैभव', 'रम्य', 'पाऊलखुणा' यातलं काहीही नको. फोटोओळ वाचणाऱ्याला चेहरा दिसतोच आहे. त्याला हवं असतं ते चेहऱ्याचं नाव.

हे मी इतक्या आग्रहानं का म्हणते ते सांगते. माझ्या आत्याचा एक फोटो एका स्मरणिकेत छापून आला होता. रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस, गुडघाभर चिखल, पदर खोचलेला, डाव्या हातात पऱ्ह्यांची (धानाच्या रोपांची) पेंढी. खाली ओळ होती : 'काळ्या आईच्या सेवेत रमलेली ग्रामीण स्त्री'. कोणीतरी स्मरणिका घरी आणून दिली. आत्या चौथी शिकलेली. ओळीखालून बोट फिरवत तिनं एकेक अक्षर वाचलं, शेवटी पोचली, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाली, "माहा नाव काहून नाही लिवला जी?" छापणाऱ्यांना तिचं नाव विचारणं जड नव्हतं. ती त्याच गावची होती, दहा घरं सोडून राहत होती. पुढे जिल्ह्याच्या पेपरात मी कित्येक वर्षं फोटोओळी लिहिल्या, आणि दर वेळी ते बोट आठवलं.

तुझ्या नमुन्यातली पहिलीच ओळ आहे 'शेतात काम करणाऱ्या महिला'. फोटोत सात बाया आहेत. मागे बांधी (धानाचं बांध घातलेलं शेत) दिसते, पाणी दिसतं, म्हणजे हा रोवणा आहे. मग 'रोवणा' असंच लिही. 'भातलावणी' लिहिलंस तर पुण्याच्या माणसाला लवकर कळेल, पण तुझ्या गावच्या म्हातारीला वाटेल की हे दुसरीकडचं चित्र आहे. बाहेरून येणाऱ्यांसाठी हवं तर 'रोवणा (धानाची लावणी)' असं कर. आणि सातही नावं शोध.

बायांच्या नावांचं काम सगळ्यात कठीण, आणि तिथेच सगळ्यात जास्त वेळ घाल. पुरुषाचं नाव सांगायला पाच जण धावतात. बाईचं विचारलं की 'पाटलाची सून', 'गुरुजींची बायको', 'अमक्याची माय' एवढ्यावर थांबतात. तिथे थांबू नकोस. त्यातून लग्नात नाव बदललेलं असतं. सासरी एक नाव, माहेरी दुसरं, आणि माहेरच्या बहिणीला सासरचं नाव कधी कधी आठवतही नाही. म्हणून दोन्ही नावं घे, माहेरचं गाव घे, आणि ओळीत तिचं स्वतःचं नाव आधी येऊ दे. नवऱ्याचं नाव त्यानंतर. 'सौ.' आणि 'श्रीमती' मी गाळते. नवरा आहे की गेला हे फोटोखाली सांगायचं कारण नाही, आणि प्रदर्शनाच्या दिवसापर्यंत ते बदलूही शकतं. सालदारांचं तसंच. मालकाच्या शेजारी बंडीचा कासरा धरून उभा असलेला माणूस 'गडी' म्हणून लिहिला गेला की त्याची नातवंडं प्रदर्शनातून मुकाट्यानं निघून जातात. त्याचं नाव मालकाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात असावं. गडचिरोलीकडच्या पाहुण्यांचा फोटो असेल तर 'आदिवासी नृत्य' लिहून मोकळं होऊ नकोस. रेला असेल तर रेला लिही, कोणत्या गावची मंडळी ते लिही, आणि नाचणाऱ्यांची नावं कळवायला त्यांच्या गावी एक प्रत पाठव.

आता विचारायचं कसं. फोटोची मोठी प्रत काढ, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याची नुसती बाह्यरेषा काढ आणि आकडे घाल. १ पासून शेवटपर्यंत, मागच्या रांगेतले अर्धे चेहरेसुद्धा. हा कागद आणि फोटो घेऊन जुन्या माणसांकडे एकेकट्यानं जा. चावडीवर सगळ्यांना जमवून विचारू नकोस. चार जण जमले की ज्याचा आवाज मोठा त्याचं उत्तर सगळ्यांचं होतं, आणि कोपऱ्यातली बुढी, जिला खरं माहीत असतं, ती गप्प बसते. मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड कर, आधी विचारून. रांग सांगताना 'डावीकडून' म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडून, हे तुमच्या सगळ्या मंडळींत एकदा पक्कं ठरवा. बसलेले वेगळे, उभे वेगळे. जो ओळखू आला नाही त्याच्यापुढे 'नाव मिळालेलं नाही' असं स्वच्छ लिही. ती जागा गाळलीस तर पुढच्यांची नावं एकेक घर सरकतात आणि सगळी रांग चुकते. 'नाव मिळालेलं नाही' वाचून कोणीतरी थांबतो आणि सांगतो. मंडईत भिंतीजवळ एक वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल ठेव. बाहेरगावी दिलेल्या लेकी भाऊबीजेला आलेल्या असतात, त्या ही वही भरतील.

कोणी सांगितलं, हेही लिहायचं. माझ्या मते फोटोओळीचा अर्धा जीव त्यात आहे. 'सुमारे १९७५' आणि '१९७५' यात फरक आहे, आणि '१९७५, असं अमुक आजींनी सांगितलं, त्यांच्या थोरल्याच्या जन्माचं वर्ष' यात आणखी फरक आहे. पुढे कोणाला चूक सापडली तर ती कुठून आली ते कळतं, आणि दुरुस्त करताना सांगणाऱ्याचा अपमान होत नाही.

वर्षांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुझ्या नमुन्यात दोन ठिकाणी गफलत आहे. एका ओळीत 'राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गावात, १९७१' असं आहे. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. म्हणजे एक तर वर्ष चुकलं, किंवा फोटोतली खंजिरीवाली व्यक्ती ते नाहीत, पुण्यतिथीच्या कार्यक्रमातला एखादा भजनकरी असेल. फोटो देणाऱ्या घराला 'तुमचं खोटं' असं म्हणू नकोस. त्यांच्या घरी तो फोटो देवघरात असेल. 'तुमच्याकडे हा कधीपासून आहे, कोणी आणला' एवढं विचार. बहुतेक वेळा १९७१ हे चौकट बसवल्याचं वर्ष निघतं. उत्तर मिळेपर्यंत ओळीत 'घरच्यांच्या सांगण्यानुसार' असं लिही आणि वर्ष गाळ.

दुसरी ओळ 'लग्नाची वरात, २०२४'. फोटो कृष्णधवल, चौकोनी, पांढऱ्या किनारीचा. ते २०२४ कुठून आलं मला कळलं. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फाईलच्या नावात जी तारीख असते ती पाठवल्याची असते, आणि फोटोच्या आत कॅमेऱ्यानं साठवलेली माहिती व्हॉट्सअॅप काढून टाकतं. शिवाय फोटो दाबून बारीक करतं ते वेगळं. नवे फोटो कोणी पाठवत असेल तर त्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांग, म्हणजे माहितीही येते आणि फोटोही पूर्ण येतो. जुन्यांचं वर्ष फोटोतूनच काढावं लागेल. चौकोनी प्रिंट बहुधा आगफा क्लिकसारख्या पेटीकॅमेऱ्यातला. एका रोलात १२ फोटो, त्यामुळे लोक सहजासहजी बटण दाबत नसत. ज्या घरी तो कॅमेरा होता ते घर शोधलंस तर एकाच हाताचे कितीतरी फोटो एकदम ओळखू येतील. मागे ट्रक किंवा मोटारसायकल असेल तर भिंगानं पाटी वाच. 'एमएच ३६' असेल तर गाडी भंडाऱ्याची आणि फोटो १९८९ च्या आधीचा नाही, कारण त्या धर्तीचे नंबर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर आले. कोणाच्या मामाकडचा, यवतमाळ-मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेचा फोटो आला आणि इंजिनातून वाफ निघत असली, तर तो एप्रिल १९९४ च्या आधीचा. त्यानंतर तिथे डिझेल इंजिन आलं. अशा खुणेवरून वर्ष ठरवलंस तर खूणही ओळीत लिही.

ठिकाणाचंही तेच. तुझ्या यादीत 'अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया, १९७८' असं आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला, १९७८ साली ते भंडारा जिल्ह्यातच होतं. 'तेव्हा जि. भंडारा, आता जि. गोंदिया' असं लिही, म्हणजे जुन्या कागदांशीही जुळेल आणि आज शोधणाऱ्यालाही सापडेल. गडचिरोलीचं तसंच, २६ ऑगस्ट १९८२ च्या आधी ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं. आणि तुमच्या गावाचं? प्रत्येक ओळीत 'जुनं गाव' की 'नवं गावठाण' हे आलंच पाहिजे. नाव एकच असल्यामुळे वीस वर्षांनी हा घोळ कोणालाच सोडवता येणार नाही. 'मारुतीच्या देवळापुढे' एवढं पुरत नाही, नव्या गावठाणातही मारुती बसवला असेलच. 'जुन्या गावातल्या मारुतीच्या देवळापुढे, घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर' असं लिही. ती वाट आता पाण्यात आहे. ती कुठून कुठे जात होती हे जितकं लिहून ठेवाल तितकं राहील.

फोटोच्या पाठीवर काही लिहिलेलं असेल तर ते जसंच्या तसं, चुकांसकट, अवतरणात उतरवून घे आणि तुझी ओळ वेगळी ठेव. जुन्या लिखाणात कधी वस्तीचं, जातीचं असं नाव असतं जे आज आपण उच्चारणार नाही. ते वहीत जतन कर, कारण कोणी काय म्हणत असे याचा तो पुरावा आहे. भिंतीवरच्या ओळीत मात्र ते आणू नकोस. मूळ फोटोवर बॉलपेननं काही लिहू नका, दाब उमटतो आणि शाई पलीकडे लागते. मऊ पेन्सिलनं पाठीवर कडेला नुसता क्रमांक, आणि गुळगुळीत रंगीत प्रिंटवर पेन्सिल उमटत नसेल तर पाकिटावर. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा.

आता श्रेय. मोबाईलवाल्या पोराला रागावू नकोस, त्यानं रात्री जागून काम केलंय. पण फोटोच्या कोपऱ्यातलं त्याचं नाव निघायलाच हवं. फोटोवर कोणाचंच नाव नको, अगदी वाचनालयाचंसुद्धा. नाव फोटोच्या खाली असावं. कोपऱ्यात त्यानं जिथे नाव टाकलंय तिथे एका फोटोत लहान पोराचे पाय आहेत, ते झाकले गेलेत. मूळ फोटो पुन्हा स्कॅन करा आणि त्या पोराचं नाव प्रदर्शनाच्या पाटीवर 'प्रतिकृती' म्हणून मानानं लिहा.

प्रत्येक फोटोखाली तीन नावं येऊ देत. छायाचित्र : ज्यानं कळ दाबली. संग्रह : ज्या घरानं इतकी वर्षं, घर उठवतानाही, सांभाळला. माहिती : ज्यानं ओळखून सांगितलं. ही तीन माणसं वेगळी असतात आणि एकाचं नाव दुसऱ्याच्या जागी गेलं की भांडण होतं. तुमच्याकडे झालं ते हेच. पेटीत फोटो आहे म्हणून तो आपण काढला, असं होत नाही.

स्टुडिओवाल्या काकांच्या मुलाचं म्हणणं निम्मं-अधिक बरोबर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा माणूस. पैसे देऊन, सांगून काढवून घेतलेला फोटो असेल, लग्नातला वा घरच्या मंडळींचा, तर वेगळा करार नसल्यास पहिली मालकी काढवून घेणाऱ्याची. पण मालकी कोणाचीही असली तरी कर्ता म्हणून नाव लागण्याचा हक्क त्याच कायद्याच्या कलम ५७ नं काढणाऱ्याकडे ठेवलाय, आणि त्याच्या मागे वारस तो मागू शकतात. २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोंवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. म्हणून तू त्या मुलाच्या घरी जा, बाबांचं पूर्ण नाव, स्टुडिओ कुठे होता, कोणत्या वर्षांत चालला, हे लिहून घे आणि एका साध्या कागदावर दोघांचीही संमती घे, त्याची आणि फोटो देणाऱ्या घराची. फोटो कशासाठी वापरणार, पुढे पुस्तक काढलं किंवा कोणी मागितला तर द्यायचा का, हेही त्याच कागदावर. जुन्या निगेटिव्ह कुठे माळ्यावर पडल्या असतील तर तेही विचार. ज्या फोटोमागे शिक्का नाही तिथे काकांचं नाव अंदाजानं लावू नकोस, 'छायाचित्रकार अज्ञात' लिही. आणि एखादं घर म्हणालं की हा फोटो संग्रहात असू दे पण भिंतीवर नको, तर कारण विचारू नकोस.

राहिला दंडारीचा फोटो. दोन्ही स्कॅन मी संध्याकाळभर शेजारी शेजारी ठेवून पाहिले. नऊ जण एका रांगेत, मधे गॅसबत्ती, मागे कनात. सगळी दंडार पुरुषांची, त्यातले दोघे साडीत. पहिल्या घरच्या प्रतीत साडीतला एक डावीकडून तिसरा आहे, दुसरा सातवा. दुसऱ्या घरच्या प्रतीतही तसंच. आधी मलाही कळेना. मग ढोलकीवाल्याच्या सदऱ्याकडे लक्ष गेलं. एका प्रतीत खिसा त्याच्या डाव्या छातीवर, दुसरीत उजव्या. दोन्ही फोटो एकाच निगेटिव्हचे आहेत, पण दुसऱ्या घरची प्रत छापताना निगेटिव्ह उलटी बसली. म्हणजे एका घरचा तिसरा तोच दुसऱ्या घरचा सातवा. दोन्ही घरं आपापल्या प्रतीकडे बघून खरंच सांगत होती, आणि दोघांचाही आजा त्या रांगेत साडी नेसून उभा आहे.

दोन्ही घरच्या मंडळींना एकत्र बसव, दोन्ही प्रती समोर ठेव आणि खिसा त्यांनाच शोधू दे. भिंतीवर सरळ प्रत लाव, तिच्यावरून डावीकडून नऊ नावं लिही, आणि संग्रह म्हणून दोन्ही घरांची नावं दे. उलटी प्रतही टाकू नकोस, तिला तोच क्रमांक देऊन जपून ठेव आणि 'उलटी छपाई' अशी नोंद कर. आणि एक काम राहतं. सरळ प्रतीत उजव्या टोकाला, कनातीच्या फटीतून एक पोरगी आत डोकावतेय. फक्त कपाळ, एक डोळा आणि कनात धरलेली बोटं दिसतात. तुझ्या ट्रेसिंग पेपरवर तिला दहावा आकडा दे. दंडार पाहायला चोरून आलेली ती पोर आज सत्तरीची असेल, कदाचित मंडईला येईलही.